गळावरचे जिवंत आमिष कसे टिकवावे?



भाताची कापणी झाली, खळ्यावरचे काम हलके झाले आणि ओढ्यांचे गढूळ पाणी निवळले, की आपल्या जोयडा तालुक्यात घरोघरच्या काठ्या आणि गळ बाहेर निघतात. पाणी आटत जाते तसे मासे डोहांत गोळा होतात. गळाने मिळालेले चार मासे म्हणजे गरीब घराला विकत न घेता मिळालेले पौष्टिक अन्न होय. वाढत्या मुलांना, बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्या माणसाला माशाचे कालवण हितकारक असते. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य, त्या दिवशी तर मासळीची आठवण हमखास होते.

पण संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परतणारा मुलगा घरी काय सांगतो? “आजोबा, मासे पुष्कळ होते, पण सगळी गांडुळे खाऊन गेले. गळाला एकही लागला नाही.” आजोबा म्हणतात, “मासे हुशार नव्हते रे बाळा, तुझे गांडूळ सैल होते.” आजोबांचे म्हणणे खरे आहे. दहा गांडुळे नेली आणि त्यांतली आठ माशांनी फुकट खाल्ली, तर दोष नशिबाचा नसून आमिष लावण्याच्या रीतीचा असतो. ती रीत कोणालाही शिकता येते.

गळाने मासे धरण्याची विद्या आपल्या मुलखात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. त्यात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, काठी, दोरी, गळ आणि माशांना घालायचे खाद्य यांची माहिती त्यात दिलेली आहे. राजाने करमणुकीसाठी केले ते आपण पोटासाठी करतो, इतकाच फरक. म्हणून ते नीट केले पाहिजे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. आमिष घट्ट बसवणे म्हणजे ते करकचून बांधणे किंवा त्याच्या अंगात चार ठिकाणी गळ खुपसणे नव्हे. तसे केले की आमिष मरते. मेलेले आमिष मऊ पडते आणि मऊ पडलेले आमिष पहिल्याच ओढीला सुटते. म्हणून जे जिवंत राहते तेच गळावर टिकते. पुढची सारी माहिती या एका वाक्याचा विस्तार आहे.

१) आमिष का सुटते?

याची कारणे मुख्यतः पाच आहेत. पहिले, गळ आमिषाच्या मऊ भागातून घातलेला असतो. दुसरे, गळ आमिषाच्या मानाने फार जाड किंवा बोथट असतो, त्यामुळे भोक मोठे पडून अंग फाटते. तिसरे, आमिष आधीच उन्हाने किंवा हाताळण्याने अर्धमेले झालेले असते. चौथे, काठीला हिसका देऊन गळ दूर फेकला जातो, तेव्हा गळ पुढे जातो आणि आमिष मागे हवेत उडते. पाचवे, लोंबणारे शेपूट लांब ठेवल्याने बारीक मासे ते कुरतडून नेतात. आपले आमिष यांपैकी कोणत्या कारणाने जाते ते आधी ओळखावे. गळ वर काढल्यावर त्यावर आमिषाचा तुकडा उरला असेल तर बारीक मासे कुरतडतात असे समजावे. गळ अगदी स्वच्छ निघाला तर लावण्यात किंवा फेकण्यात चूक आहे.

२) गळ कसा निवडावा?

दुकानात गळ क्रमांकाने मिळतात. साध्या क्रमांकात आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. दहा क्रमांकाचा गळ सहापेक्षा बारीक असतो. पुढे ज्या क्रमांकाला शून्य जोडलेले असते, तेथे उलट होते, आकड्याबरोबर गळही मोठा होतो. ओढ्यातल्या लहान खवल्यांच्या माशांना आठ ते दहा क्रमांक, शिंगटीसारख्या माशांना चार ते सहा क्रमांक आणि मोठ्या मरळीला एक-शून्याच्या आसपासचा गळ ठीक पडतो.

काही गळांच्या दांड्यावर बारीक उलटे दात काढलेले असतात. ते आमिष खाली घसरू नये म्हणूनच असतात. गांडुळासाठी असा गळ मिळाल्यास घ्यावा.

गळाचे टोक तीक्ष्ण असावे. ते अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहावे. नखात अडकले तर चांगले, घसरले तर बारीक कानशीने घासून घ्यावे. तीक्ष्ण गळ आमिषाला लहान भोक पाडतो, बोथट गळ त्याला फाडतो.

३) गांडूळ कसे लावावे?

आपले मुख्य आमिष गांडूळच. ते शेणखताच्या खड्ड्याजवळ, केळीच्या बुंध्याशी आणि सांडपाण्याच्या ओलाव्यात मिळते. ज्यांच्याकडे गांडूळखताचा खड्डा आहे त्यांच्याकडे लांब, जांभळट रंगाचे आफ्रिकन गांडूळ असते. तेही चालते. मात्र सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रण नुकतेच फवारले असेल तर तेथली गांडुळे घेऊ नयेत. त्यातील मोरचूद गांडुळाला आणि माशाला दोघांनाही विषारी आहे. त्याच कारणाने फवारणीचा पंप ओढ्यात कधीही धुऊ नये.

गांडुळाच्या अंगावर डोक्याच्या बाजूला एक जाडसर पट्टा असतो. शेताच्या माणसाने तो पाहिलेला असतोच. हा भाग बाकीच्या अंगापेक्षा चिवट असतो. गळ येथून गेला पाहिजे. रीत अशी आहे:

बोटांना कोरडी माती लावावी, म्हणजे गांडूळ निसटत नाही. गळाचे टोक डोक्याजवळून आत घालून, सुईवर मोजा चढवावा तसे गांडूळ हळूहळू गळाच्या वाकावरून दांड्यापर्यंत सरकवावे. पट्टा ओलांडला की टोक बाहेर काढावे. उरलेले शेपूट अर्ध्या बोटाएवढेच मोकळे सोडावे. ते वळवळते आणि माशाला बोलावते. त्याहून लांब ठेवले तर बारीक मासे तेवढेच तोडून नेतात आणि गळापर्यंत येतच नाहीत. शिंगटीसारखा मोठ्या तोंडाचा मासा हवा असेल तर गांडूळ पट्ट्यातून एकदाच टोचून दोन्ही टोके मोकळी सोडली तरी चालते, कारण तो मासा आमिष पुरतेच गिळतो.

गांडुळे लहान असतील तर एकाच गळावर दोन-तीन लावावीत.

आता एक सोपी युक्ती. सायकलच्या जुन्या व्हॉल्व्हची बारीक काळी रबरी नळी प्रत्येक गावात मिळते. तिचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापावा. आमिष लावून झाल्यावर गळाच्या टोकावरून तो आत सरकवून उलट्या दाताच्या पलीकडे न्यावा. हे झाले कुलूप. आमिष वळवळून टोकाकडून निसटू पाहते तेव्हा रबर त्याला अडवते. टोक मात्र उघडेच राहिले पाहिजे, नाहीतर मासा धरला जाणार नाही.

४) झिंगे, नाकतोडे आणि लहान मासे

नदीतली झिंगे लावायची तर शेपटीच्या टोकाकडून दुसऱ्या पेऱ्यात खालून वर गळ काढावा. तेथे कवच पक्के असते. डोक्यात जो काळसर ठिपका दिसतो त्यातून गळ घालू नये, झिंगा तत्काळ मरतो.

कापणीनंतर बांधावर नाकतोडे पुष्कळ असतात. नाकतोड्याच्या मानेमागे ढालीसारखे कडक कवच असते. त्याखालून गळ घालावा. पोट मऊ असते, ते टोचू नये. नाकतोडा फारच नाजूक असेल तर शिवणाच्या सुती दोऱ्याचे दोन-तीन वेढे देऊन त्याला दांड्याशी धरून ठेवावे. दोरा सुतीच घ्यावा. तो पाण्यात कुजून जातो, नायलॉनचा वर्षानुवर्षे राहतो.

लहान मासा लावताना पाणी पाहावे. वाहत्या पाण्यात खालच्या ओठातून वर दोन्ही ओठांत गळ घालावा. मग मासा प्रवाहाकडे तोंड करून राहतो, गरगर फिरत नाही आणि तंगूसला पीळ पडत नाही. डोहाच्या स्थिर पाण्यात पाठीवरच्या पराजवळ, कातडीच्या लगत उथळ गळ घालावा. मणक्याला गळ लागला तर मासा लुळा पडतो आणि आमिष वाया जाते. माशांच्या बाबतीत हेही सांगितले पाहिजे की जर्मनीसारख्या देशात जिवंत मासा गळाला लावण्यास कायद्याने बंदी आहे. गांडुळाने काम भागत असेल तर मासा लावू नये हे उत्तम.

बेडूक मुळीच लावू नये. मरळ बेडकाला भुलते हे खरे, पण बेडूक आपल्या भातावरचे किडे खातो. १९८७ साली भारत सरकारने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, त्यामागे हेही एक कारण होते. चार आण्यांच्या मासळीसाठी शेताचा राखणदार मारणे शहाणपणाचे नाही.

५) गळ कसा टाकावा आणि किती वेळ ठेवावा?

काठी डोक्यावरून फिरवून फटकारू नये. तंगूस काठीच्या लांबीइतकाच ठेवून, गळ हाताखालून झोपाळ्यासारखा पुढे सोडावा. पाण्यावर “धप्प” असा आवाज न होता तो अलगद टेकला पाहिजे. फार दूर टाकण्याची हौस सोडावी. मासे बहुधा काठच्या झुडपाखाली आणि दगडांच्या आडोशाला असतात.

वजनाचा दगड किंवा लोखंडी नट गळापासून वीतभर वर बांधावा. आमिष त्याच्या खाली मोकळे हलले पाहिजे. गळालाच वजन लावले तर ते तळाच्या दगडांवर घासून फाटते.

पंधरा-वीस मिनिटांनी आमिष वर काढून पाहावे. पांढरे, फुगलेले, न हलणारे गांडूळ काढून नवे लावावे. धुतलेल्या आमिषावर तासभर बसणे म्हणजे रिकाम्या गळावर बसण्यासारखेच आहे.

६) आमिष घरून जिवंत कसे न्यावे?

इंग्लंडमध्ये १६५३ साली आयझॅक वॉल्टन याने मासेमारीवर लिहिलेले पुस्तक आजही नावाजलेले आहे. त्याने गांडुळे शेवाळात ठेवण्याची रीत सांगितली होती आणि ती अजून मोडीत निघालेली नाही. गांडुळे आदल्या दिवशी काढून ओल्या शेवाळात किंवा कुजक्या पाचोळ्यात ठेवावीत. रात्रभरात त्यांच्या पोटातली माती निघून जाते, अंग आवळते आणि ती चिवट होतात. अशी गांडुळे गळावर दुप्पट वेळ टिकल्याचे तुम्हालाच दिसेल.

डबा मातीचा किंवा नारळाच्या करवंटीचा असावा. पत्र्याचा डबा उन्हात तापतो. वर ओले फडके घालावे, पण आत पाणी साचू देऊ नये. झिंगे आणि मासे नेताना त्याच ओढ्याचे पाणी घ्यावे, भांडे सावलीत ठेवावे आणि पाणी अधूनमधून बदलावे. भांड्यात गर्दी करू नये. साबण, रॉकेल किंवा तंबाखू लागलेल्या हाताने आमिषाला शिवू नये.

७) पाण्याकाठची सावधगिरी

येथे आमिष टिकवण्याचा खरा लाभ कळतो. ज्याचे आमिष वरचेवर सुटते तो वरचेवर पाण्याच्या कडेला वाकतो, भांडे बुडवतो, अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरतो. आपल्या काळी नदीत हे धोक्याचे आहे.

ही नदी आपल्याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. दांडेलीच्या बाजूला तिच्यात मगरी आहेत. २०२१ साली दांडेलीत नदीकाठी मासे धरायला गेलेल्या एका मुलाला मगरीने ओढून नेले आणि त्याचा जीव गेला. म्हणून आमिष लावण्याचे काम पाण्यापासून पाच-सहा पावले मागे बसून करावे. धरलेले मासे किंवा जिवंत आमिषाची जाळी काठच्या पाण्यात लोंबत ठेवू नये. मासे साफ करून आतडी तेथेच टाकू नयेत. मुलांना एकटे पाठवू नये आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. गळ पाण्यात अडकला तर तंगूस तोडावा. गळ पुन्हा विकत मिळतो.

दुसरा धोका पाणी चढण्याचा. सुप्याच्या धरणातून वीज तयार करताना पाणी सोडले की गणेशगुडीच्या खाली नदी थोड्याच वेळात वाढते. पात्रातल्या खडकावर बसून गळ टाकणाऱ्याला परत येण्याची वाट राहत नाही. काठावरच बसावे.

तिसरी गोष्ट कायद्याची. आपल्या तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. त्या हद्दीत परवानगीवाचून मासे धरता येत नाहीत. जलाशयावरही मत्स्य खात्याचे नियम असतात. जाण्याआधी विचारून घ्यावे. सुरुंगाची दारू उडवून किंवा विष घालून मासे मारण्यास तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. त्याने लहानमोठे सारेच मासे मरतात आणि पुढच्या वर्षी डोह रिकामा राहतो. गळ मात्र एका वेळी एकच मासा घेतो.

८) आरोग्याच्या चार सूचना

गळ हातात रुतल्यास: उलटा दात आत गेला नसेल तर गळ आला त्याच वाटेने मागे काढावा, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. उलटा दात आत गेला असेल तर हिसका मारू नये. तंगूस कापून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. डोळ्याजवळ लागल्यास गळाला हातही न लावता तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. मातीची जखम झाली असेल आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर नवे घ्यावे लागते. पूर्वी त्याला टीटी म्हणत, आता टीडी देतात.

शिंगटीचा काटा लागल्यास: ठणका फार असतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते एक तास बुडवून ठेवावा. पाणी भाजेल इतके कढत नसावे, दुसऱ्या हाताने आधी पाहावे. काटा आत मोडला असेल तर डॉक्टरांकडे जावे.

शिसे: वजनाचे शिशाचे मणी दातांनी दाबून बसवण्याची सवय वाईट आहे. शिसे विषारी असून मुलांच्या मेंदूला अपाय करते. शिशाचे मणी गिळून राजहंस मरतात म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ साली अशा लहान वजनांवर बंदी आली. आपण लोखंडी नट किंवा खडा वापरावा.

चिखल आणि पाणी: पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय साचलेल्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. गांडुळे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

९) उरलेल्या आमिषाचे काय करावे?

हा प्रश्न लहान वाटतो, पण तसा नाही. एका तळ्यातून आणलेले जिवंत मासे दुसऱ्या ओढ्यात कधीही ओतू नयेत. परका मासा एकदा शिरला की निघत नाही. आफ्रिकन मागूर या खादाड माशाच्या पालनावर २००० साली बंदी आली, ती याच भीतीने. खड्ड्यातली परदेशी गांडुळेही रानात टाकू नयेत, परत खड्ड्यात सोडावीत. अमेरिकेच्या उत्तरेकडील जंगलांत मूळची गांडुळे नव्हती. गळ टाकणाऱ्यांनी उरलेली गांडुळे तेथे फेकली, त्यांनी जमिनीवरचा पाचोळ्याचा थर खाऊन टाकला आणि रानाचे रूप पालटले. तुटलेला तंगूसही गोळा करून घरी आणावा. तो पाणमांजराच्या गळ्यात, पाखरांच्या पायांत आणि आपल्याच गुरांच्या खुरांत अडकतो.

तसेच पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला शेतात येतात, त्यांना जाऊ द्यावे. मरळ आपल्या लालसर पिलांच्या घोळक्याखाली राखण करीत असते. त्या वेळी तिला गळाने काढले तर सारी पिले इतर माशांच्या तोंडी जातात. एक मासा मिळतो आणि शेकडो बुडतात.

ध्यानात ठेवा

गांडुळे आदल्या दिवशी शेवाळात ठेवावीत. गळ बारीक आणि तीक्ष्ण असावा. चिवट भागातून टोचावे, मऊ भाग सोडावा. शेपूट अर्धे बोटच मोकळे ठेवावे. रबराचा तुकडा कुलपासारखा लावावा. हाताखालून अलगद टाकावे. पंधरा-वीस मिनिटांनी आमिष बदलावे. पाण्यापासून मागे बसावे. उरलेले आमिष जेथून आणले तेथेच परत न्यावे.

पुढच्या खेपेला दहा गांडुळे घेऊन जा आणि किती फुकट गेली ते मोजा. आठांची तीन झाली तर हा धडा कामी आला असे समजा आणि शेजारच्या मुलालाही शिकवा.